एका येळी येकच

सिरसाळ्याला एका लग्नाच्या पंगतीत निवृत्तीअण्णांनी आधी पाच पुऱ्या नुसत्या खाल्ल्या. भाजी नाही, वरण नाही, लोणच्याची फोडसुद्धा नाही. मग वाटीभर वांग्याची भाजी नुसती. मग नुसता भात. वाढपी वरणाची बादली घेऊन तीनदा आला आणि तिन्ही वेळा अण्णांनी ताटावर आडवा हात धरला. शेवटी नवरीचा मामा हात जोडून पुढं आला.

"पाव्हणं, काई चुकलं का आमचं?"

"चुकलं न्हाई. पन चुकलं तर कळाया पायजे," अण्णा म्हणाले. "मागल्या लग्नात समदं कालवून खाल्लं आन् दोन दिवस पोट धरून बसलो. भाजीनं बिघडलं का बुंदीनं, आजून पत्ता न्हाई. आता एका येळी येकच."

"अहो, पोटात गेल्यावर समदं एकच होतंय की!" मी शेजारून दात-ओठ खात म्हणालो.

"म्हनून तर दर पदार्थामागं धा मिनिटं थांबतोय," असं म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं.

आमच्याकडं पंगतीतला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय कुणी उठत नाही. त्यामुळं साठ-सत्तर माणसं वाळलेले हात घेऊन अण्णांच्या बुंदीची वाट बघत बसली होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अण्णांना त्याचं काहीच नाही. त्यांनी बुंदी शेवटी मागितली, चावून चावून खाल्ली आणि ढेकर दिला. वर मलाच म्हणतात, "सचिव, उद्या सकाळी कळवतो."

सचिव म्हणजे मी. नेकनूरजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटी आहे, तिचा मी सचिव होतो. कॅन परत आला, शिव्या सचिवाला. मांजर शिरलं, शिव्या सचिवाला. आणि निवृत्तीअण्णा आमचे तपासनीस, गावाच्या भाषेत टेस्टर. आलेलं दूध चांगलं की पाणी घातलेलं, हे ते ठरवायचे. शिक्षण मॅट्रिक आणि औरंगाबादचा दूध तपासणीचा कोर्स. पण तेवढ्या भांडवलावर त्या माणसानं उभ्या गावाला विद्यार्थी करून सोडलं होतं.

लोक खिशाला पेन लावतात, अण्णा थर्मामीटर लावत. आंघोळीच्या बादलीत थर्मामीटर. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात थर्मामीटर. आजारी वासराला कुठं लावत ते सांगत नाही, पण एकदा मी डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून माझ्या कपात त्यांना काही बुडवू दिलं नाही. दुधाला लावल्याशिवाय तर ते पुढची तपासणीच करत नसत. रांगेतली माणसं वैतागायची, "आवो अण्णा, दूध हाय, पेशंट न्हाई!"

आणि हा दुधातला माणूस चहा मात्र कोरा प्यायचा. बाराही महिने. यावर गावानं बोलायचं काही ठेवलं नव्हतं. "टेस्टरच पीत न्हाई, म्हंजी दुधात काय आसंल त्ये तुमीच बघा!" सोसायटीची अब्रू जायची ती वेगळीच. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "सवय." अण्णा एका शब्दात उत्तर देतात याचं मला तेव्हाच नवल वाटायला पाहिजे होतं. तासाभराच्या खाली बोलणारा माणूस नव्हे तो.

मारुतीच्या देवळामागं त्यांची थोरली बहीण राहायची, गोदाआक्का. आई लवकर गेली म्हणून अण्णांना तिनंच वाढवलेलं. तिच्या नावानं गावात एक जुनी थट्टा होती. कधीकाळी तिचं दूध सोसायटीत पाण्याचं निघालं होतं म्हणे, तेही सख्ख्या भावाच्या हातून. तेव्हापासून तिनं सोसायटीची पायरी चढली नाही. "गोदाआक्काची गाय हिरीवर उभी ऱ्हाऊन दूध देती," असं म्हणून लोक हसायचे. मीही हसलोय. दुसऱ्यांना सांगून हसवलंयसुद्धा.

अण्णांच्या डोक्याचा गावाला फायदाही तितकाच. टँकर सुरू झाले त्या उन्हाळ्यात गल्लीत कुणाचीच तूरडाळ शिजेना. बायका चिडल्या आणि किराणा दुकानदाराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. जुनी डाळ गळ्यात मारली म्हणून त्याला धुवून काढायचंच बाकी होतं. अण्णा मधे पडले. एकाच पोत्यातली डाळ, एकसारखी दोन पातेली, एकाच चुलीची दोन तोंडं. एकात टँकरचं पाणी, दुसऱ्यात देवळाच्या आडातलं, तळाला राहिलेलं. आडातली डाळ गळून गेली आणि टँकरची दातांखाली कडकड करत राहिली.

"डाळ तीच, जाळ तोच, पाणी बदललं," अण्णा म्हणाले. "ह्या पाण्यात चुना लई हाय. चिमूटभर सोडा टाका, आन् दुकानदाराला घरी जाऊ द्या."

दुकानदारानं त्यांच्या पायाला हात लावला. पण वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, मला म्हणाल्या, "तुमाला कौतुक वाटतंय भाऊजी. आमच्या घरात दर वस्तू दोनदा करावी लागती. येक बदललेली, येक तशीच. परवा माझ्या येका टाचेला मेण लावलं, दुसरी भेगाळलेली तशीच ठेवली. म्हनले, ताडून बघायला पायजे!"

मांजरसुंब्याच्या चौकात माझी स्कूटर बंद पडली तेव्हा तर मी त्यांना तिथंच सोडून जाणार होतो. बीडला दूध संघाची बैठक होती. मी काय केलं, प्लग पुसला, पेट्रोलची नळी फुंकली, गाडी आडवी केली, एक शिवी घातली आणि किक मारली. झाली सुरू! मी खूश. अण्णा मागं बसेनात.

"सुरू झाली, पन कशानं?"

"कशानं का होईना, बसा!"

"तसं कसं? उद्या परत बंद पडली तर? चार गोष्टी एकदम केल्या तुमी. बंद करा गाडी."

ढाब्यावरची माणसं हसायला लागली. अण्णांनी प्लग होता तसा काळा करायला लावला, कुठून तर ढाब्याच्या चुलीतल्या काजळीनं, आणि एकेक उपाय परत करायला लावला. नळीतला कचरा निघाला कारण. बैठक केव्हाच संपलेली. त्यानंतर ती गाडी बंद पडली की मी फक्त नळी फुंकायचो, हेही खरं आहे. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही ते नाहीच.

मग पावसानं लागोपाठ दगा दिला आणि गावात जनावरांची छावणी पडली. डोंगरावरच्या वस्त्यांवरून माणसं आपापली जनावरं घेऊन उतरली. त्यात गयाबाई होती. नवरा नाही, तीन गाई आणि गळ्यात बिरोबाचा टाक. छावणीत चारा मिळायचा, सोसायटीत दूध जायचं, त्यावर तिचं कसंबसं चाललं होतं.

ती आली आणि आठवड्याभरात आमचे कॅन तालुक्याच्या शीतकरण केंद्रातून परत यायला लागले. शेरा एकच, दुधात पाणी. तिथं दुधात एक औषध टाकून बघायचे. पाणी घातलेलं असलं तर निळा रंग उमटतो. आमचं दूध निळीच्या बाटलीसारखं निघालं. केंद्रानं बजावलं, आणखी एक दिवस असं दूध आलं तर तुमच्या गावचा टेम्पोच बंद.

चेअरमन बप्पासाहेबांनी सकाळच्या रांगेतच निकाल लावला. सोसायटी त्यांची आणि छावणीही त्यांचीच.

"ही बाई आली आन् कॅन परत याया लागले. यात आता काय शिकायचं राहिलंय? हिचं दूध बंद. आन् हिची दावण छावणीतून उचला."

"प्यायला थेंब न्हाई गावात, दुधात वतायला हिला कुठलं पाणी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"चोरून वतती!" दुसऱ्यानं खुलासा केला.

गयाबाईनं कॅनला धरलं. "मालक, डोंगरावर काडी न्हाई. गाई तिकडं नेल्या तर चार दिसांत खाटकाला द्याव्या लागतील. मी उपाशी ऱ्हाईन, पन दुधात पाणी घालनार न्हाई. बिरोबाची आन!"

"बाई, शपथ घेऊ नका," अण्णा पुढं होऊन म्हणाले. "शपथ तपासता येत न्हाई."

मग चेअरमनकडं वळले. "मला येक दिवस द्या. उद्या सकाळी समद्यांसमोर दाखवतो. माझं चुकलं तर तिच्या दावणीबरूबर माझं बी नाव कमी करा."

मी त्यांना बाजूला ओढलं. निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस! "अण्णा, कावून अंगावर घेताय हे? ती तुमची कोण?"

"ह्या पंधरवड्यात गावात काय काय बदललं, त्ये सांगा," ते म्हणाले.

"गयाबाई आली."

"आनखी?"

"चारा बदलला."

"त्यो समद्या छावण्यांत बदलला. त्यांचं दूध परत येत न्हाई. आनखी?"

मी डोकं खाजवलं. सोसायटीच्या मागं नवा बोअर पडला होता. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली, चेअरमननी गुलाल उधळून पूजा केली. तिथं आधी गावाचा उकिरडा होता, तीन पिढ्यांचा. तेव्हापासून कॅन आम्ही बोअरच्या पाण्यानं विसळत होतो. टेम्पो लवकर यायला लागला म्हणून पूर्वीसारखे उन्हात पालथे न घालता ओलेच भरत होतो.

मी नुसतं "बोअर" म्हणालो आणि अण्णा उठले. खिशातलं थर्मामीटर चाचपलं, बंडीची बटणं लावली आणि पहिल्या गाडीनं शीतकरण केंद्रातून ते निळं करणारं औषध मागून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव सोसायटीत. रांग मोडून गोल झालेला. टेबलावर काचेच्या चार बाटल्या. पहिलीत गयाबाईच्या गाईचं दूध, अण्णांनी समोर उभं राहून कोरड्या भांड्यात काढलेलं. दुसरीत तेच दूध, पण बोअरच्या पाण्यानं विसळलेल्या ओल्या कॅनमधून आणलेलं. तिसरीत चेअरमनच्या म्हशीचं, कोरड्या भांड्यातलं. चौथीत तेच, ओल्या कॅनमधलं.

"दूध गाईचं आसू द्या न्हाईतर म्हशीचं, निळं करणारा क्षार दुधात नसतो," अण्णा म्हणाले. "त्यो जमिनीतल्या पाण्यात असतो. उकिरड्याखालच्या पाण्यात तर इचारूच नका. आता बघा. एका येळी येकच बदललंय."

त्यांनी प्रत्येक बाटलीतला थोडा नमुना घेतला आणि जपून औषध सोडलं. ते अंगावर उडालं तर कातडी जाते, म्हणून पुढं घुसणाऱ्यांना मी मागं रेटत होतो. पहिली, काही नाही. दुसरी, निळी. तिसरी, काही नाही. आणि चौथी, चेअरमनच्या स्वतःच्या म्हशीच्या दुधाची, अशी निळी झाली की बघायलाच नको!

"आत्ता गं बाई!" एक म्हातारी ओरडली. "चेअरमनची म्हस बी पाणी घालती व्हय?"

हसू फुटलं. चेअरमनच्या तोंडावरचा रंग उडाला. अण्णांनी शेवटी बोअरचं नुसतं पाणी घेतलं. त्यात औषध पडताक्षणी शाईची दौत सांडल्यागत झालं.

"येका पंधरवड्यात दोन गोष्टी बदलल्या, बप्पासाहेब. बोअर आला आन् ही बाई आली. तुमाला बाईच तेवढी दिसली. कॅन टँकरच्या पाण्यानं धुवा, उन्हात कोरडे करा. आन् ह्या बोअरचं पाणी लेकरांना पाजू नका."

गयाबाई खालीच बसली. पदर तोंडाशी धरून रडली. मला वाटलं, आता चेअरमन हात जोडतील. पण मोठी माणसं! धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "बरं, झाली आसंल चूक. दूध चालू ऱ्हाऊ द्या तिचं. चूक कुनाची झाली न्हाई आजवर?"

"माझी झाली," अण्णा म्हणाले.

हसणारे वळून त्यांच्याकडं बघायला लागले.

"ह्या टेबलावरचा माझा पयला दिवस. कोर्स करून आलेलो, लई ताठा. गोदाआक्कानं तिच्या गाईचं दूध इकून मला शिकवलं व्हतं. भावाच्या नोकरीची भवानी आपल्या हातानं व्हावी म्हनून ती पहाटं धार काढली तशी पळत आली. रांगेत पयली. दुधावरचा फेस बी बसला नव्हता. मी दुधात दाटपणा मोजायचा काटा सोडला, त्यो खोल गेला. पाण्याचं दूध! मला वाटलं, बहीन म्हनून सोडलं तर उद्या गाव काय म्हनंल? मी चार माणसांदेखत तिचं दूध गटारीत वतलं."

अण्णांनी खिशातलं थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलं.

"दुपारी पुस्तक उघडलं तवा ध्यानात आलं. दूध ऊन आसलं की पातळ लागतं, काटा खोल जातोच. गार होऊ द्यायचं, ऊनपणा मोजायचा, मंग काटा सोडायचा. कोर्सात पयल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी पळत घरी गेलो. म्हनलं, आक्का, गावात सांगतो, माझं चुकलं. तर ती म्हनली, गप. पयल्याच दिवशी टेस्टर चुकला म्हनले तर नोकरी जाईल तुजी. माझं काय, आमी घरी पिऊ आमचं दूध." अण्णांनी चष्मा काढला. "आन् मी गप बसलो. इतकी वर्सं तिला हसलात तुमी, आन् मी कोरा च्या पीत, थर्मामीटर खिशाला लावून हिंडलो. आक्काचं दूध निर्मळ व्हतं. ऊन व्हतं, येवढंच."

मला माझीच लाज वाटली. विहिरीवरच्या गाईची ती थट्टा आदल्याच महिन्यात मी बीडच्या पाहुण्यांना सांगितली होती. चेअरमननी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा जमिनीकडं, आणि मग गयाबाईसमोर जाऊन खरंच हात जोडले. तिचा कॅन त्यांनी स्वतः उचलून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीचं दार उघडलं तर पायरीवर गोदाआक्का बसलेली. कमरेत वाकलेली, हातात पितळेची कासंडी. नातवाच्या गाईची धार काढून तशीच आली होती. अण्णा आले, तिला बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले.

"बघ की," आक्का म्हणाली. "रांग लागली मागं."

अण्णांनी कासंडी टेबलावर घेतली. दुधावर फेस तरंगत होता. थर्मामीटर बुडवलं.

"ऊन हाय, आक्का."

"मंग गार होऊ दे. मला काय घाई न्हाई."

मागं तीस-चाळीस माणसं कॅन घेऊन उभी, तिकडं टेम्पोवाला हॉर्न देतोय. पण पंगतीत शेवटच्या माणसासाठी बसावं तसे सगळे थांबले. चेअरमनसुद्धा थांबले. आक्का पायरीवर बसून राहिली आणि अण्णा तिच्या शेजारी. मधूनमधून अण्णा उठून थर्मामीटर बघत होते.

मग त्यांनी काटा सोडला. वाकून वाचला. परत वाचला. आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निर्मळ!"

आक्कानं कासंडीतलं थोडं दूध माझ्या पातेल्यात ओतलं. "ह्याला च्या कर," म्हणाली.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी होय म्हणून मान हलवली. मला इतका आनंद झाला की स्टोव्ह पेटवताना काडी दोनदा मोडली.

"अण्णा, आज बेत जोरात करू," मी म्हणालो. "आलं टाकतो, साखर जरा वाढवतो..."

"काई वाढवू नका, सचिव," बंडीच्या बाहीनं डोळे पुसत अण्णा म्हणाले. "च्या रोजच्यासारखाच करा. आज नुसतं दूध घाला. एका येळी येकच."